अकरणाचे पाप

आषाढातल्या एका सकाळी, चार दिवस बंद राहिलेल्या सुतारशाळेचे दार उघडून मी रंध्याच्या यंत्राजवळ गेलो, तेव्हा त्याच्या बिडाच्या टेबलावर एक संपूर्ण तळहात, पाचही बोटांसह, तांबूस गंजाने उमटलेला दिसला. तो माझाच होता. जाण्यापूर्वी घामेजला हात टेकून मी तेथे घटकाभर उभा राहिलो होतो, आणि मेण लावण्याचे काम परत आल्यावर पाहू म्हणून तसेच टाकले होते. त्या ठशापुढे मनात उभा राहिलेला प्रश्न सुतारकामाचा नव्हता: जे आपण केलेच नाही, त्याचे फळ आपल्या पदरी का यावे?

कर्ममीमांसेत काम्य आणि नित्य असा जो भेद केलेला आहे, त्यात काम्य कर्म टाळले तर इष्ट फळ हुकते, इतकेच; पण संध्योपासनेसारखे नित्य कर्म केल्याने नवे काही हाती लागत नसताही, ते न केल्यास प्रत्यवाय, म्हणजे पाप, लागतो, असे परंपरेने मानले. तैत्तिरीयोपनिषदावरील भाष्याच्या आरंभीच शंकराचार्यांनी यावर हरकत घेतली आहे. न करणे हा केवळ अभाव. अभावापासून पापासारखी भावरूप वस्तू उत्पन्न होईल कशी? त्यांच्या मते अकरण हे पापाचे कारण नव्हे, पूर्वीच साचलेल्या दुरिताची ती खूण होय.

माझ्या टेबलाने आचार्यांच्याच बाजूने साक्ष दिली. गंज माझ्या आळसातून जन्मला नव्हता. तो लोखंड, ओलावा आणि प्राणवायू यांच्या संयोगाने झाला, व घामातल्या मिठाने त्या व्यवहारास वेग आणला. खाणीतून लोह निघते तेच बहुधा प्राणवायूशी जखडलेले. भट्टीत कोळशाच्या साहाय्याने ती गाठ सोडवावी, तेव्हा कोठे धातू मोकळा होतो, आणि त्या क्षणापासून त्याची ओढ पुन्हा मूळ अवस्थेकडेच असते. मेणाचा पातळ थर या ओढीला फक्त मुदत घालून देतो. मुदत संपली आणि नवी मिळाली नाही, म्हणजे जे आधीपासून टपलेले होते ते पुढे सरसावते.

म्हणून मला वाटते, कारणाच्या वादात आचार्य खरे, पण कर्तव्याच्या बाबतीत नित्यकर्माचा आग्रह धरणारे खरे. जी वस्तू स्वभावतःच क्षयाकडे कललेली आहे ती ज्याने आपल्या ताब्यात घेतली, त्याच्यावर तिच्या रक्षणाची जबाबदारी रोजची आहे, आणि हे काम नेटके झाल्याचा पुरावा एवढाच की काहीच घडले नाही. दाखविण्याजोगे फळ नसलेले कर्म निष्ठेने करणे फार कठीण. खंडेनवमीस आम्ही यंत्राला हळदकुंकू वाहतो आणि मला तो दिवस प्रिय आहे. तथापि ओले कुंकू पुसावयाचे राहिले, तर त्याखालीही गंजच धरतो.

कृती साधी आहे. मधमाशीचे मेण, जे सुमारे 63 अंश सेल्सिअसला वितळते, टर्पेंटाइनमध्ये मऊ करून फडक्याने अगदी पातळ फासावे, धुरकट दिसू लागेपर्यंत वाळू द्यावे, मग कोरड्या कापडाने घोटावे. तेल लावू नये. ते भुसा धरते आणि लाकडाला डागाळते. मोटारीचे पॉलिशही नको, कारण त्यात सिलिकोन असल्यास तो लाकडाला लागून पुढे रोगण फाटते. घोटलेल्या बिडावर सागाची फळी अशी सरकते की ती रेटावी लागत नाही, आणि रेटावी न लागल्यामुळे हात पात्यांवर घसरण्याचे भयही कमी होते.

त्या सकाळी रॉकेल व बारीक पॉलिश पेपर घेऊन मी तो ठसा घासून काढला. गंज गेला, अंगठ्याच्या जागी काळसर डाग मात्र बिडात मुरून राहिला आहे, आणि रोज संध्याकाळी मेणाचे फडके मी प्रथम तेथेच टेकवितो.