कडुलिंब मारला म्हणजे हिंसा नाही?



गेले दोन-तीन आठवडे आपल्या परिवार ग्रुपवर एकच विषय चाललाय. पाऊस सरला आणि इंदूरपासून बेळगावपर्यंत सगळ्यांच्याच जास्वंदीवर ती पांढरी कापसासारखी कीड, म्हणजे मिलीबग, आली. फोटो येतात, उपाय येतात. त्यातच एका ताईंनी विचारलं, "आम्ही बाजारचं औषध मारत नाही, कडुलिंबाचं तेल मारतो. म्हणजे हिंसा नाही ना होत?" लगेच दोघातिघांनी "अजिबात नाही ताई" म्हणून कळवलं. आम्हा सेवेकरी मंडळींना मात्र हे उत्तर पटलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहोत.

कीड मरतेच. साबणाच्या पाण्याने तिच्या अंगावरचं मेणासारखं आवरण जातं आणि ती सुकून मरते. कडुलिंबातल्या अ‍ॅझाडिरॅक्टिनमुळे ती खाणं सोडते, तिला कात टाकता येत नाही, वाढ थांबते. जहाल औषधाने जी काही तासांत गेली असती ती आता काही दिवस उपाशी राहून जाते. किडीच्या बाजूने बघितलं तर यात दया कुठे आहे? "घरगुती" या शब्दावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. तंबाखूचा काढा घरगुतीच, पण निकोटीन हे चांगलंच विष आहे, मधमाशीलाही आणि घरात रांगणाऱ्या नातवंडालाही. तो उपाय आम्ही कुणाला सुचवणार नाही.

मग कडुलिंब आणि जहाल औषध सारखंच का? नाही. फरक आहे तो आपण मारतो ते कुठे थांबतं यात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. औषध होतं बोंडअळीसाठी, गेलं माणसाच्या फुफ्फुसात. आपल्या सोसायटीत तोंडाला नुसता रुमाल बांधून पंप मारणारा माळीदादा असतो, त्याचं काय होतं हे आपण खिडकी लावून घेतल्यावर कुणी बघत नाही. शिवाय काही औषधं आंतरप्रवाही असतात, म्हणजे झाडाच्या रसातच उतरतात. ती धुऊन जात नाहीत. तुळशीचं तेच पान आपण तीर्थात घालतो! (तुळशीवर म्हणून कडुलिंबही नको. साध्या पाण्याची धार मारा, किडकी शेंडी खुडा, पुरे.)

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. मिलीबग खाणारा एक लहानसा भुंगेरा आहे, क्रिप्टोलिमस नावाचा. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, १८९८ मध्ये आपल्या देशात आणला, आता द्राक्षबागांत मुद्दाम सोडतात. त्याची अळी दिसायला हुबेहूब मिलीबगसारखीच, पांढरी, कापूस चिकटल्यासारखी. फक्त आकाराने मोठी आणि चटचट चालणारी. घाईघाईने बोळा फिरवणारा हात शत्रूबरोबर राखणदारालाही पुसून टाकतो. जहाल औषधही तेच करतं, मोठ्या प्रमाणावर. मग पुढच्या खेपेला कीड जोरात येते, कारण तिला खाणारं कुणी उरलेलंच नसतं. म्हणून आधी थांबून बघावं. चालते आहे का? मग तिला राहू द्यावं.

आपल्या शास्त्रात "पंचसूना" म्हणून एक कल्पना आहे. चूल, जातं, उखळ, केरसुणी आणि पाण्याचं मडकं, या पाच ठिकाणी गृहस्थाच्या हातून रोज जीव मरतात. शास्त्र असं म्हणत नाही की तुम्ही मऊ केरसुणी वापरली म्हणून दोष लागला नाही. आणि झाडूच नका असंही म्हणत नाही. दोष लागतो हे मान्य करतं, आणि त्यासाठी पंचमहायज्ञ सांगतं, त्यात भूतयज्ञ म्हणजे इतर जिवांना अन्न देणंही आलं. आम्हाला हे फार प्रामाणिक वाटतं. कुंडी ही सहावी जागा समजावी. कडुलिंबाची बाटली हातात घेतली म्हणजे आपण अहिंसक झालो, असं मनाचं समाधान करून घेऊ नये. उलट "नैसर्गिक आहे" म्हणून आपण दर दोन दिवसांनी, कीड नसतानाही, मारत सुटतो.

मुंग्यांचंच बघा. एकीकडे चतुर्थीला मुंग्यांना साखर घालतो आणि दुसरीकडे कुंडीभोवती विषारी खडूची रेघ ओढतो. मुंग्या जास्वंदीवर चढतात त्या मिलीबगच्या गोड चिकट स्रावासाठी, आणि त्या बदल्यात त्याचं रक्षण करतात, भुंगेऱ्याला जवळ येऊ देत नाहीत. मुंग्यांना मारायची गरजच नाही. कुंडीच्या स्टँडच्या पायांना व्हॅसलीनचा पट्टा लावा, फांद्या भिंतीला टेकू देऊ नका. वाट बंद झाली की निम्मं काम भुंगेरे करतात.

तरीही कीड हटली नाही तर मारावं. एक लिटर कोमट पाण्यात चमचाभर कडुलिंबाचं तेल, दोन मिली सौम्य लिक्विड सोप, चांगलं हलवून, ऊन उतरल्यावर, मधमाश्या गेल्यावर, फक्त किडक्या फांदीवर आणि पानांच्या खालून. आठवड्याने पुन्हा बघावं.

कढीपत्त्यावरच्या अळ्यांना मात्र हेही नको. लहानपणी त्या चिमणीच्या विष्ठेसारख्या दिसतात, पुढे हिरव्यागार होतात, आणि त्यांचंच लिंबावरचं काळं-पिवळं फुलपाखरू होतं. मोठं झाड असेल तर पानं परत फुटतात, खाऊ द्यावीत. रोप लहान असेल तर अळी पानासकट उचलून लिंबाच्या किंवा बेलाच्या झाडावर सोडावी, तिथेही ती जगते. ज्यांच्या अंगणात मोठा बेल आहे त्यांनी ग्रुपवर कळवावं. फ्लॅटमधल्या बऱ्याच ताई अळ्या डब्यात घेऊन बसल्या आहेत.