विकत घेणाऱ्याने विचारलेच नाही तर?

आमच्याकडे पंचवीस वर्षे वापरलेली एक मोटार होती. इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना, अशी जुन्या घडणीची. उतारवयात तिला एक खोड जडली. बेळगावहून खानापूरकडे जाताना वेग ताशी ५०-६० किलोमीटर झाला की कधीकधी पायाखाली थरथर सुरू होई आणि मागून खडखडाट ऐकू येई. कधीकधीच, हे लक्षात घ्यावे. मेस्त्रींकडे नेली की ती शहाण्या मुलासारखी वागे.

मेस्त्री भला माणूस. ते म्हणाले, "साहेब, मला ऐकूच आले नाही, तर मी बदलू काय?" अंदाजाने चार वस्तू बदलून बिल करणे त्यांना सहज जमले असते. त्याऐवजी त्यांनी आम्हांला पारख शिकवली. गाडी उभी असताना इंजिनाचा वेग वाढवून थरथर आली, तर दोष इंजिनाच्या रबरी बैठकीत किंवा सायलेन्सरमध्ये शोधावा. केवळ चालत्या गाडीत आली, तर चाकांत किंवा मागे जाणाऱ्या शाफ्टमध्ये. ६० च्या वेगाला असे चाक सेकंदाला सुमारे ९ फेरे घेते, तेव्हा थोडासा असमतोलही जाणवतो. "आणि एक वही ठेवा," ते म्हणाले. "वेग किती, माणसे किती, सगळे लिहा."

दोन महिन्यांनी वही चाळली, तर प्रत्येक नोंदीत मागच्या बाकावर तीन माणसे होती! मेस्त्री गाडी पाहत ते एकटे बसून. मग शब्बाथशाळेतील तीन थोराड मुले मागे बसवली आणि मैलभरात आवाज आला. भाराने गाडीची मागची बाजू खचे, आणि सायलेन्सरच्या नळीचे रबर तुटलेले असल्यामुळे नळी पत्र्याला लागे. ते काम किरकोळ होते. थरथर मात्र शाफ्टच्या झिजलेल्या क्रॉसची होती. भाराने शाफ्टचा कोन बदलला की ती जाणवे. तो भाग लवकर मिळेना, तेव्हा आम्ही गाडी विकायची ठरवली.

एक गृहस्थ आले. एकट्याने गाडी चालवून पाहिली, खूश झाले, इसार देऊन गेले. त्यांनी काही विचारले नाही, आम्ही काही सांगितले नाही.

रात्री घरात दोन मते पडली. त्यांना कान आहेत, जुन्या गाडीची किंमतही जुनीच लावली आहे, असे एक मत. कायदाही बहुतांशी त्याच बाजूला. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १७ व्या कलमात उदाहरण आहे: लिलावात सदोष घोडा विकणारा दोषाबद्दल गप्प राहिला, तर ती फसवणूक नव्हे. पण त्याच कलमात पुढे म्हटले आहे की, घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. हे वाचून आम्ही अस्वस्थ झालो. घोडा तोच, दोष तोच. मग कर्तव्य नात्यावर का अवलंबावे?

शिवाय मौन मौनात फरक असतो. आम्हांला दोष ठाऊक नसता, तर गोष्ट वेगळी. आम्हांला दोष तर ठाऊक होताच, पण एकट्याने गाडी चालवून तो सापडत नाही हेही ठाऊक होते. त्यांच्या परीक्षेत काय सुटणार, हे आमच्या वहीत लिहिलेले होते. चालत्या गाडीत क्रॉस तुटला तर शाफ्ट रस्त्यावर येतो, आणि हे गृहस्थ मागे बायकामुलांना बसवणार होते. "त्यांनी पाहून घेतली" हे वाक्य त्यानंतर तोंडातून निघेना. इसाराचे पैसे घरखर्चात गेले होते, हेही कबूल केले पाहिजे. मन कायद्याकडे धावत होते, ते काही न्यायाच्या आवडीने नव्हे.

सकाळी वही घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ती शांतपणे वाचली, दोघा भावांना आणि पत्नीला मागे बसवून फेरी मारली, आणि इसार परत मागितला. आम्ही उसने काढून दिला. गाडी पुढे चार महिने दारात उभी होती.