जिथं सांगायचं नाही

हैफा बंदराच्या वर, कार्मेल डोंगराच्या उतारावर, 19 टप्प्यांची एक बाग आहे. मधोमध सोनेरी घुमट आहे आणि त्याखाली बहाई धर्माचे अग्रदूत बाब यांची समाधी. पायथ्यापासून माथ्यापर्यंत पायऱ्या, दोन्ही अंगांना निगुतीनं राखलेली हिरवळ, खाली भूमध्य समुद्र. 2008 पासून ही जागा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. बाग पाहायला तिकीट नाही. ज्यू येतात, अरब येतात, फोटो काढतात, निघून जातात. त्यांच्यातल्या एकालाही ‘आमच्या धर्माचा विचार करा’ असं कुणी म्हणत नाही. तशी मनाई आहे, आणि ती इस्रायल सरकारनं घातलेली नाही. बहाईंनी स्वतःहून ती पाळली आहे.

याचं नवल वाटतं, कारण बहाई धर्मात पुरोहितच नाही. धर्म सांगणं हे ठरावीक माणसांचं काम नसून प्रत्येक अनुयायाचं कर्तव्य मानलं जातं. धर्माचे नंतरचे प्रमुख शोगी एफेंदी यांच्या दहा वर्षांच्या योजनेत 1953 पासून साधीसुधी माणसं नोकरीधंदा सोडून अनोळखी देशांत जाऊन राहिली. पोर्तुगिजांच्या ताब्यातला गोवाही त्या योजनेत होता. मुंबईचा संबंध तर त्याहून जुना आहे. धर्मसंस्थापक बहाउल्लांचा ‘किताब-ए-अकदस’ हा विधिग्रंथ 1890 च्या सुमारास छापला गेला तो मुंबईत. मुंबईपासून गोव्यापर्यंत पोचायची ज्यांना एवढी ओढ, त्यांनी आपल्या सर्वांत पवित्र भूमीत मात्र प्रचार करायचा नाही असं ठरवलं.

याचं मूळ तुरुंगात आहे. तेहरानमध्ये जन्मलेले बहाउल्ला बगदाद, इस्तंबूल आणि एदिर्ने अशा हद्दपारीच्या मुक्कामांनंतर 31 ऑगस्ट 1868 रोजी हैफाजवळच्या अक्क्याच्या किल्ल्यात कैदी म्हणून आणले गेले. गावकऱ्यांनी त्यांच्याशी संबंध ठेवू नये, असं तुर्की सुलतानाचं फर्मान मशिदीत वाचून दाखवण्यात आलं. इराणहून महिनोन् महिने पायपीट करत आलेल्या भक्तांना किल्ल्यात शिरू देत नसत. ते खंदकापलीकडच्या मोकळ्या जागेत थांबत आणि दूरच्या एका खिडकीकडे टक लावून पाहत. कधी त्या खिडकीतून एक हात दिसे, कधी हलणारा रुमाल. तेवढ्यावर ते परतीची वाट धरत. 1870 मध्ये बहाउल्लांचा एक मुलगा मिर्झा मेहदी तुरुंगाच्या गच्चीवर प्रार्थनेत गढून फेऱ्या मारताना छताच्या उघड्या झरोक्यातून खाली पडला आणि दगावला. यात्रेकरूंना वडिलांचं दर्शन घडावं, एवढीच त्यानं जाताना इच्छा व्यक्त केली, असं बहाई सांगतात.

अशा अवस्थेत आजूबाजूच्या लोकांना धर्म सांगायला जाणं म्हणजे सगळ्यांचाच जीव टांगणीला लावणं होतं. म्हणून सुरुवातीचा संयम नाइलाजाचा होता, हे मान्यच करायला हवं. महत्त्वाचा आहे तो पुढचा भाग. नाइलाज संपला तरी संयम संपला नाही. 1908 च्या तुर्की क्रांतीनंतर बहाउल्लांचे पुत्र आणि वारस अब्दुल बहा मोकळे झाले. पहिल्या महायुद्धात पॅलेस्टाईनमध्ये उपासमार माजली, तेव्हा बहाई शेतकऱ्यांनी पिकवलेलं धान्य त्यांनी अक्का आणि हैफाच्या लोकांना पुरवलं. त्यासाठी ब्रिटिशांनी 1920 मध्ये त्यांना ‘सर’ किताब दिला. भुकेल्या माणसाला अन्न देताना त्याच्या श्रद्धेला हात घालण्याची केवढी सोपी संधी होती! ती त्यांनी घेतली नाही. 1921 मध्ये ते वारले तेव्हा मुसलमान, ख्रिस्ती, ज्यू, द्रूज असे सगळे अंत्ययात्रेत चालत होते.

पुढं शोगी एफेंदींनी आणि 1963 पासून निवडून येणाऱ्या ‘विश्व न्याय मंदिर’ या सर्वोच्च संस्थेनं हाच शिरस्ता चालू ठेवला. इस्रायलमध्ये कुणी विचारलं तर माहिती द्यायची, मन वळवायला जायचं नाही. परदेशात भेटलेला इस्रायली माणूस मायदेशी परतणार असेल तर त्यालाही धर्म सांगायचा नाही. हैफा आणि अक्क्यात जे बहाई दिसतात ते निरनिराळ्या देशांतून काही वर्षांच्या सेवेसाठी आलेले असतात. स्थानिक बहाई समाज तिथं नाहीच.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: जमीन आणि बागा टिकाव्यात म्हणून केलेला हा सौदा आहे. मला तो पटत नाही. हा शिरस्ता इस्रायलच्या स्थापनेच्या कितीतरी आधीचा आहे. तो तुर्कांच्या अमलात होता, इंग्रजांच्या अमलातही होता. जो धनी पुढं जन्माला येणार, त्याच्याशी आधीच सौदा कसा होईल? मला वाटतं, तीन धर्मांनी जिथं इंच इंच जमिनीवर हक्क सांगितला आहे, तिथं चौथ्यानं आपली माणसं मोजायला बसू नये, एवढं शहाणपण यामागं आहे.

दुसरा आक्षेप मात्र मला उडवून लावता येत नाही. हैफातल्याच एखाद्या तरुणीला वाचून, विचार करून हा धर्म खरोखर पटला तर? तिथं राहून तिला बहाई समाजात सामील होता येत नाही. सगळ्या मानवजातीला आवाहन करणारा धर्म दारातल्याच माणसाला थांब म्हणतो. संयमाची किंमत संस्था मोजत नाही, ती तरुणी मोजते. हा नियम योग्य आहे असं मला वाटतं, पण त्यात अन्याय नाही असं मी म्हणणार नाही.

आणि इराण? तिथंही बहाई गप्प असतात, पण ते मौन गळा दाबून आणलेलं आहे. 18 जून 1983 रोजी शिराझमध्ये दहा बहाई स्त्रियांना फासावर चढवलं गेलं. त्यांत 17 वर्षांची मोना महमूदनेजाद होती. मुलांचे धर्मवर्ग घेणं हा तिच्या ‘गुन्ह्यां’पैकी एक. त्याच वर्षी सरकारनं बहाई संस्थांवर बंदी आणली. सरकारचा हुकूम मानायचा या आपल्या तत्त्वाला धरून बहाईंनी संस्था मोडल्या, श्रद्धा मात्र नाकारली नाही. त्यांचं केंद्र इस्रायलमध्ये म्हणून ते हेर, असा आरोप अजून होतो. त्यांच्या संस्थापकाला तिथं कैदी करून नेलं, त्यानंतर 80 वर्षांनी इस्रायल अस्तित्वात आलं, ही गोष्ट आरोप करणाऱ्यांना ठाऊक नाही असं थोडंच आहे?

बाहेरून पाहणाऱ्याला हैफातलं मौन आणि शिराझमधलं मौन सारखंच दिसेल. एकामागं स्वतःचा निश्चय आहे, दुसऱ्यामागं फास. हा फरक आपल्याकडं विसरला जातो म्हणून हे लिहितो आहे. धर्मांतरावर बंधनं घालणारे कायदे ओडिशात 1967 मध्ये आणि मध्य प्रदेशात 1968 मध्ये झाले. प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 1977 मध्ये म्हटलं. तो वाद राज्याराज्यांत अजून चालू आहे. आमिष दाखवणाऱ्याला जरूर शिक्षा करा. पण माणसानं आपली श्रद्धा कुणाला सांगावी आणि कुठं गप्प राहावं, हे त्याचं त्यालाच ठरवू द्या. ‘बहाईसुद्धा तिथं प्रचार करत नाहीत’ असं म्हणून असल्या कायद्यांच्या बाजूनं हैफाचा दाखला कुणी देऊ नये.