मेद, अस्थी आणि श्रेय

दोन वर्षांपूर्वी आमच्या वृद्ध आत्याबाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पण आठ महिने उलटूनही ते जुळेना. तेव्हा नातवाने कोठूनसे एक पत्रक आणले. पोटावरची चरबी काढून तिच्यातील मूलपेशी हाडात सोडू, असा मजकूर. माथ्यावर रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र हा सप्तधातूंचा क्रम, आणि तळाशी रक्कम. आत्याबाईंनी आम्हांस विचारले, "मेदापासूनच अस्थी होतं ना आपल्या शास्त्रात? मग पाटल्या मोडू का?"

प्रश्न पाटल्यांचा होता. पण आम्हांस छळले ते पत्रकाच्या माथ्याने.

मेदाचा अस्थीशी संबंध आहे, हे खोटे नाही. २००१ साली अमेरिकेत पॅट्रिशिया झुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, शस्त्रक्रियेत काढून टाकावयाच्या चरबीतून अशा पेशी वेगळ्या केल्या की ज्या योग्य द्रव्यांच्या सान्निध्यात अस्थिपेशींची वाट धरू शकतात. २००४ साली जर्मनीतील गीसेनच्या शल्यचिकित्सकांनी सात वर्षांच्या एका मुलीची हकिकत प्रसिद्ध केली. अपघाताने तिच्या कवटीत मोठी पोकळी राहिली होती. कमरेचे हाड पुरेसे मिळेना, म्हणून तिच्याच चरबीतील पेशींची जोड दिली. तीन महिन्यांनी तेथे नवे हाड दिसले. मात्र कमरेचे हाडही तेथे होतेच. श्रेय चरबीचे किती, हे त्या एका उदाहरणावरून ठरत नाही.

मग पूर्वजांना हे ठाऊक होते, असे म्हणावे काय? मोह होतो, हे आम्ही कबूल करतो. परंतु एका धातूपासून दुसरा कसा होतो, याविषयी आयुर्वेदाच्या आचार्यांचेच एकमत नव्हते. दुधाचे दही होते तसे, असे एक मत. पाटाचे पाणी वाफ्यामागून वाफ्यात जाते तसे, हे दुसरे. खळ्यावरची कबुतरे आपापला दाणा टिपून आपापल्या वाटेने जातात तसे, हे तिसरे. प्रयोगशाळेत अख्खी चरबी हाड होत नाही. तिच्यात दडलेल्या मोजक्या पेशी होतात, आणि काही केवळ शेजारच्या पेशींना चेतवितात. येथे दह्याचा दृष्टान्त तरी लागू पडत नाही. पत्रकाने क्रम तेवढा उचलला आणि वाद गाळला. ज्यांनी शंका जपली त्यांच्या नावावर खात्री विकणे, हा आम्हांस पूर्वजांचा गौरव वाटत नाही. त्यांच्या नावाने काढलेले ते कर्ज आहे, आणि फेडावयाचे आत्याबाईंनी.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे काही विकार सोडले तर मूलपेशींचा वापर संमत चाचणीबाहेर करता येत नाही. चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. पत्रकात चाचणीचा उल्लेख नव्हता. पाटल्या हातातच राहू द्या, असे आम्ही सांगितले.

पुढे डॉक्टरांनी त्यांच्याच कमरेच्या हाडाचे तुकडे काढून मांडीत बसविले. हाड जुळले. पण कमरेची ती जखम त्यांना अजून ठणकते, मांडीपेक्षा अधिक. हा ठणका टळावा म्हणूनही जगभर चरबीकडे आशेने पाहिले जाते, हे आम्ही त्यांस सांगितलेले नाही. पावसाळी हवा पडली की त्या कमर चोळीत विचारतात, "चरबी घेतली असती तर हे वाचलं असतं का रे?"

"कदाचित," असे म्हणून आम्ही शेकाची पिशवी आणावयास उठतो.