मोल आणि मोलकरीण

खराडीतल्या आमच्या फ्लॅटचं मोल सरकारनं आधीच ठरवून ठेवलं होतं. दस्तनोंदणीला बसलो, रेडी रेकनरचा दर निघाला आणि मुद्रांक शुल्काचा आकडा दोन मिनिटांत हातात आला. 1997 साली पुणे महापालिकेत आलेलं हे शेतीवाडीचं गाव. आज इथं इऑन आयटी पार्कच्या काचेच्या इमारतींभोवती चौरस फुटाशिवाय कुणी बोलत नाही. वरच्या मजल्याला जादा पैसे, खिडकीतून नदी दिसली तर आणखी जादा. खुद्द मुळा-मुठेला मात्र दर नाही. तिच्यात आपण काय काय सोडतो ते त्याच खिडकीतून दिसतं.

अशा मूल्यमापनाच्या उलट काय, असं विचारलं तर 'अवमूल्यन' हे उत्तर चटकन ओठांवर येतं. मला ते पटत नाही. 6 जून 1966 रोजी रुपयाचं अवमूल्यन झालं आणि 4.76 रुपयांचा डॉलर साडेसात रुपयांना झाला. हिशेब पैशापर्यंत चोख! 'कवडीमोल' म्हणतानाही कवडी मोजलेली असतेच, आणि कवडी हे एके काळी खरंखुरं चलन होतं. 'अमूल्य' हा शब्द जास्त बेरकी. आईचे कष्ट अमूल्य म्हणून टाकले की त्यांचा हिशेब मांडायला नको.

माझ्या मते खरा विरुद्धार्थी शब्द 'गृहीत धरणं' हाच. त्यात किंमत कमी ठरत नाही, ती विचारायचीच राहून जाते.

'मोल'चंच बघा ना. सल्ला मोलाचा असतो तेव्हा तो देणाऱ्याला आपण खुर्ची देतो. तेच मोल 'मोलकरीण', 'मोलमजुरी'त आलं की आवाज आपोआप खाली येतो. सकाळी साडेसातला आमच्या सोसायटीच्या गेटवर बायकांची रांग लागते, नोंद करून एकेक आत सुटते. धुणं, भांडी, केर-फरशी, पोळ्या, प्रत्येकाचा दर वेगळा. पण तो कशावरून ठरला, हे कुणालाच सांगता येत नाही. 'सगळीकडे एवढाच चालतो' म्हणे. याच पुण्यात 1980 साली मोलकरणींनी संप केला होता. पगारवाढ हवी होती, हक्काची सुट्टी हवी होती. त्या लढ्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. 2008 च्या कायद्यानं त्यांच्यासाठी कल्याण मंडळ आलं आणि नाव झालं 'घरेलू कामगार'. मानासाठीच बदललं असेल, तरी मला जुना शब्द बरा वाटतो. त्यात निदान मोल तरी होतं.

हे लिहिताना आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा पगार शेवटचा कधी वाढवला ते आठवेना, म्हणून जुन्या डायऱ्या काढल्या. तीन वर्षं झाली होती. फ्लॅटचा आजचा दर मात्र मला तोंडपाठ होता.