निवड, नकार आणि मौन : जोनी मिचेल यांचे दोन संग्रह

एखाद्या कवीच्या वा गीतकाराच्या समग्र निर्मितीतून 'निवडक' वेगळे काढले जाते, तेव्हा निवड ही केवळ सोयीची बाब मानली जाते. वस्तुतः प्रत्येक निवड हा एक निवाडा असतो. आणि निवाडा म्हटला की तो कोणी व कोणत्या अधिकाराने दिला, हा नैतिक प्रश्न टाळता येत नाही.

जोनी मिचेल (जन्म १९४३) या कॅनडात जन्मलेल्या गीतकार-गायिकेच्या संदर्भात हा प्रश्न विशेष स्पष्टपणे पुढे आला. १९९६ साली 'हिट्स' हा त्यांच्या लोकप्रिय गाण्यांचा संग्रह प्रसिद्ध करण्यास त्यांनी संमती दिली ती एका अटीवर : त्यांनी स्वतः निवडलेल्या, नेम हुकलेल्या गाण्यांचा 'मिसेस' हा संग्रहही त्याच वेळी निघावा. त्याप्रमाणे अनुक्रमे १५ आणि १४ गाण्यांचे दोन संग्रह एकाच वेळी निघाले. 'हिट्स'च्या मुखपृष्ठावर मिचेल वाहनाची धडक बसल्याप्रमाणे रस्त्यावर पडलेल्या दिसतात. लोकमान्यतेचा शब्द आघाताचाही शब्द आहे, याची ही जाणीवपूर्वक दिलेली आठवण होय.

हा प्रसंग बाजारपेठेविरुद्ध कलावंत एवढ्या सरळ द्वंद्वात बसविण्याचा मोह होतो. पण संग्रहांतील सामग्री तशी मुभा देत नाही. 'हिट्स'मधील 'बोथ साइड्स नाउ' प्रथम लोकप्रिय झाले ते जूडी कॉलिन्स यांच्या आवाजात, आणि 'वुडस्टॉक' १९७० साली गाजले ते क्रॉस्बी, स्टिल्स, नॅश अँड यंग या समूहाच्या गायनातून. म्हणजे ज्याला लोकप्रियता म्हणून संशयाने पाहिले जाते, तिच्यात इतर गायकांनी गाणे आपलेसे केल्याचा अनुभवही अंतर्भूत असतो. श्रोत्यांच्या या हक्काला निव्वळ बाजारू ठरवणे हादेखील अन्यायच.

उलटपक्षी, कर्त्याचा निवाडाही अंतिम नसतो. 'ब्ल्यू' (१९७१) मधील 'अ केस ऑफ यू' हे गाणे मिचेल यांनी 'मिसेस'मध्ये घातले. पुढे ते अनेक गायकांनी गायिले आणि आज ते त्यांच्या सर्वांत प्रिय गाण्यांत गणले जाते. यावरून मिचेल यांचा निर्णय चुकला असे अनुमान काढणे घाईचे होईल. यश आणि अपयश हे गाण्याचे अंगभूत गुण नसून, ते त्याच्या श्रोत्यांशी असलेल्या संबंधाचे, आणि म्हणून काळाबरोबर बदलणारे, वर्णन असते, इतकेच यातून सिद्ध होते. मिचेल यांच्या प्रतिनिवडीचे मूल्य तिच्या अचूकतेत शोधू नये. आधीचा निवाडा फेरविचारासाठी खुला ठेवणे, हे तिचे कार्य आहे.

तथापि येथे आणखी एक अडचण उद्भवते. १९६८ ते १९९४ या काळात मिचेल यांच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेल्या १५ ध्वनिमुद्रिका निघाल्या. त्यांपैकी १९६८ची पहिली ध्वनिमुद्रिका आणि १९७७ची 'डॉन ह्वान्स रेकलेस डॉटर' ही जोड-ध्वनिमुद्रिका यांतील एकही गाणे या दोन्ही संग्रहांत नाही. दुसरीत तर एक संपूर्ण बाजू व्यापणारी, सुमारे १६ मिनिटांची रचना आहे. अशी रचना कोणत्याही वेच्यात सहज सामावणारी नव्हे. जी हुकली तिला किमान नाव मिळाले, कर्त्याची कैफियत मिळाली. जी दोन्ही याद्यांबाहेर राहिली तिच्या वाट्याला नकारही आला नाही.

प्रतिनिवडीची मर्यादा ती हीच. ती पहिल्या निवडीला उत्तर देते, पण त्या उत्तराच्या कृतीतच नवे मौन निर्माण करते. म्हणून संकलकाकडून निर्दोष निवडीची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. आपली निवड म्हणजे समग्र निर्मिती नव्हे, एवढी कबुली मात्र त्याच्याकडे मागता येते. 'हिट्स' एकटा निघाला असता तर ती कबुली झाकली गेली असती. शेजारच्या संग्रहाने ती उघड केली. आणि त्या दोहोंबाहेरच्या गाण्यांकडे वळण्याचे दायित्व श्रोत्यावर सोपवले.