मावशीच्या रीतीने

जोयड्याकडच्या कुंभारवाडा गावातल्या एका घरी सासूने जन्मभर एक वही चालवली. शाळेची दुरेघी वही, पुठ्ठ्यावर तेलाचे डाग, शाई तीन तऱ्हांची. सासू चार यत्ता मराठी शिकलेली, त्यामुळे अक्षर मोठं आणि वेलांट्या मर्जीप्रमाणे. कोने, करांदे, मुडली, सुरण, पावसाळी रानभाज्या, फणसाची सांदणं असं सगळं तिच्यात होतं. खोकल्याचा काढा होता, बाळंतिणीची अळिवाची खीर होती आणि एका पानावर गाय पान्हा चोरते तेव्हा काय करावं तेही होतं. मापं म्हणजे मूठभर, नखाएवढं, पुरे वाटेल तितकं. आणि प्रत्येक कृतीला एक माणूस चिकटलेलं: ‘उळवीच्या जत्रेत भेटलेली बाई’, ‘आनशीच्या वन्सं’, ‘सुप्याची मावशी’.

सुपं आता नाही. काळी नदीवर धरण झालं, गाव पाण्याखाली गेलं, माणसं रामनगरला वसवली. वहीत मावशी सुप्याचीच राहिली.

सासू गेली आणि वही सुनेच्या हाती आली. सून शिकलेली, हौशी, कामाला वाघ. जोयड्याला हिवाळ्यात कंदमुळांचा मेळा भरतो, आसपासच्या गावांतले कुणबी शेतकरी तऱ्हेतऱ्हेचे कंद घेऊन येतात. तिथे बायकांच्या संघातर्फे एक पुस्तिका विकायला ठेवायची असं ठरलं आणि ते काम सुनेने अंगावर घेतलं. कमलाबाई ओगल्यांची १९७० सालची ‘रुचिरा’ तिला लग्नात आहेर म्हणून मिळालेली. आपली पुस्तिकाही तशीच नेटकी, वाटी-चमच्यात बसवलेली हवी, असं तिच्या मनाने घेतलं. ‘मूठभर’ची अर्धी वाटी झाली. खरं सांगायचं तर ते चांगलंच झालं. सासूची मूठ आता कुठून आणणार? पण मग तिची लेखणी बायकांच्या नावांवर फिरली. विकत घेणाऱ्याला आनशीच्या वन्संशी काय देणंघेणं? सगळी नावं गेली आणि मुखपृष्ठावर एकच नाव आलं, सुनेचं.

सुरणाच्या पानावर सासूने लिहिलं होतं, ‘सुरण मावशीच्या रीतीने उकडून घेणे, मग फोडणी.’ पुस्तिकेत छापलं गेलं, ‘सुरण उकडून घेणे, मग फोडणी.’ भिरंडाची, म्हणजे कोकमाची, सोलं साहित्याच्या यादीत शेवटी होती, म्हणून सुनेने ती कृतीतही शेवटी टाकली, आमटीत टाकतात तशी.

नावं गाळण्याची ही घाई काही जोयड्यातच जन्मली नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातल्या कितीतरी घरांत बायका अशाच वह्या ठेवत. पुडिंगशेजारी खोकल्याचं औषध, त्याच्या खाली शाई करण्याची कृती, लोणी ‘अंड्याएवढं’ आणि कृती ज्या शेजारणीने दिली तिचं नाव. आईची वही लेकीकडे जाई, लेक उरलेली पानं भरी. जेन ऑस्टिनची मैत्रीण मार्था लॉइड हिची वही आजही जपून ठेवलेली आहे. जेनच्या आईने चक्क पद्यात रचून दिलेली पुडिंगची कृती तिच्यात आहे.

छापील पुस्तकांच्या जगात मात्र उचलेगिरी जोरात होती. एलायझा ॲक्टनने १८४५ साली आपलं पाकपुस्तक काढलं; प्रत्येक कृतीला साहित्य आणि वजनं-मापं वेगळी मांडून देण्याची शिस्त तिची. लोक तिच्या कृती इतक्या बिनदिक्कत उचलू लागले, की १८५५च्या आवृत्तीत तिने प्रस्तावनेतच तक्रार नोंदवली आणि स्वतःच्या कृतींवर ‘लेखिकेची’ असा शिक्का मारला. उपयोग शून्य. १८६१ साली इझाबेला बीटनचं जाडजूड पुस्तक आलं, त्यात ॲक्टनबाईंच्या बऱ्याच कृती होत्या, नाव नव्हतं. ॲक्टनबाई दोन वर्षांपूर्वीच वारल्या होत्या. बीटन पंचविशीतली पोर, तिला फार बोल लावावासा वाटत नाही. पण घरोघर नाव झालं ते तिचंच.

तर कुंभारवाड्यात एकदा संघाच्या बायकांनी एकत्र जेवण करायचं ठरवलं. कुणीतरी रानातून सुरण खणून आणला. पुस्तिका चुलीजवळ उघडून ठेवली आणि अक्षर न् अक्षर पाहून भाजी केली. रंग सुरेख आला. पण दुसऱ्याच घासाला एकीने हात आखडला, दुसरीचे ओठ चुरचुरले, पोरं जिभा बाहेर काढून रडायला लागली. सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुयांसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. रानसुरणाची खाज तर विचारूच नये. म्हाताऱ्या गूळ चघळत बसल्या.

“पुस्तकात आहे तस्संच केलं गं,” एकजण म्हणाली. “वर नाव तुझंच आहे ना?”

सून काही बोलली नाही. घरात सुरण कापायचं-उकडायचं काम सासू कधी कुणाला करू देत नसे, तिने केलेल्या भाजीचे सून फक्त दोन घास जास्त खाई. तिने माळ्यावरून वही काढली. कडांना वाळवी लागली होती, सुरणाचं पान शाबूत होतं. ‘मावशीच्या रीतीने.’ दुसऱ्या दिवशी तिने रामनगरची बस धरली.

मावशी अंगणात सुपारी कातरत बसली होती. तिने आधी विचारलं, “सुरण घरचं की रानचं?”

“रानचं.”

“मग सोलं आधी. पाण्यात सोलं घालायची, त्यातच फोडी उकडायच्या आणि ते पाणी ओतून द्यायचं. कापताना हाताला खोबरेल. तुझ्या सासूला मी चुलीपाशी बसवून दाखवलंय सगळं. ती कशाला लिहील? माझं नाव घातलं की तिला आठवायचं.”

सुनेने पिशवीतून पेन काढलं आणि समासात ‘सुप्याची मावशी’ असं लिहायला घेतलं. मावशीने अडकित्ता खाली ठेवला.

“माझी कसली गं? डिग्गीकडची एक म्हातारी डोक्यावर कंद घेऊन सुप्याला यायची, तिची रीत ही. नाव काही मी विचारलं नाही तेव्हा. पण तिची सून असेल तिथेच. जाऊन ये एकदा. रानचं सुरण ती दोनदा उकडायची आणि दुसऱ्या पाण्यात कसलातरी पाला टाकायची. तो पाला मला कधी ओळखता आला नाही.”